सुरीखालचा उजेड

"नापास," सखाराम मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी बॅटरी विझवली.

भर दुपार होती, पण रेचेघराची सगळी दारं-खिडक्या लावलेली होती. फटींवर पोती लटकवली होती. बाहेर दिवाळीआधीचं ऊन, आणि आत आम्ही दोघं घामाघूम होऊन एका यंत्रापुढे उकिडवे बसलेलो. पाडवा अगदी तोंडावर आला होता. पाडव्याला मोताळ्याच्या आमच्या नव्या सहकारी जिनिंगचा मुहूर्त होता. रेच्यांच्या दोन ओळी उभ्या होत्या. पूर्वेकडची ओळ मिस्त्रींनी पास केली होती. पश्चिमेकडची सगळीच्या सगळी नापास.

"मिस्त्री, मला तर काही दिसत नाही," मी म्हणालो.

"तुमाले दिसत नाई म्हणून उजेड थोडीच जाते? या इकडे. मान वाकडी करा."

त्यांनी पुन्हा बॅटरी लावली. मी मान वाकडी केली. एका टोकाला केसाएवढी उजेडाची रेघ दिसली.

"दिसली का?"

"दिसली. पण केवढीशी."

"केवढीशी म्हणजे हाय ना? मंग नापास."

ज्यांनी जिन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. झाडावरून वेचतात तो कापूस. त्यातली सरकी काढली की उरते ती रुई. हे काम करणाऱ्या यंत्राला आमच्याकडे रेचा म्हणतात. रेच्यात एक रोलर असतो. चामड्याच्या चकत्या लोखंडी दांड्यावर दाबून बसवलेल्या, दिसायला भलंमोठं लाटणं. त्याला एक लांब सुरी टेकलेली असते. रोलर फिरतो आणि कापसाचे तंतू धरून सुरीखालून ओढून नेतो. सरकी जाड, ती खालून जात नाही, अडते. दुसरी एक सुरी वर-खाली हलत असते, ती या अडलेल्या सरकीला ठोकून खाली पाडते. एका बाजूला रुई, दुसऱ्या बाजूला सरकी. एवढंच शास्त्र आहे, बाकी सगळी सेटिंग.

सेटिंग म्हणजे रोलरवर सुरी किती दाबून टेकवायची ते. सैल राहिली तर सरकीला रुई चिकटून राहते, कधी सरकी फुटून तिचा चुरा रुईत जातो. फार घट्ट झाली तरी सरकी फुटते, शिवाय रोलर तापतो. जिनमध्ये काही तापलं की सगळे आधी पाण्याच्या बादल्या शोधतात, कारण भोवती डोंगराएवढा कापूस पडलेला असतो.

सुरी नीट टेकली की नाही हे पाहायची मिस्त्रींची स्वतःची रीत होती. अंधार करायचा, सुरीच्या मागे बॅटरी धरायची आणि पुढून पाहायचं. उजेड आला की नापास. खामगावच्या जिनवाल्यांनी त्यांचं नाव 'जज्जसाहेब' ठेवलं होतं. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात खाकी शर्ट. शर्ट तेलानं काळा व्हायचा, पण टोपीवर कधी डाग पाहिला नाही. याआधी त्यांनी एकाहून जास्त जिनं सोडली होती, आणि प्रत्येक वेळी कारण एकच: मालकाला घाई होती.

असा माणूस मीच हट्टानं आणला होता. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती, जिकडे तिकडे सहकाराचं वारं होतं. आमचे चेअरमन नानासाहेब. मोठी शेती, मोठा आवाज, मन त्याहून मोठं. त्यांनी बैलगाडीनं गावोगाव फिरून शेतकऱ्यांना सभासद केलं होतं. 'आपला कापूस, आपलं जिन.' फिटर म्हणून त्यांच्या डोक्यात दुसराच एक माणूस होता. त्यानं दसऱ्यालाच रेचे चालू करून देतो असं सांगितलं होतं. मी कमिटीपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "सखाराम मिस्त्री घ्या. माणूस हळू आहे, पण त्याचं काम बोलतं."

आता दसरा उलटून गेला होता. काम काही बोलत नव्हतं. मिस्त्रीच तेवढे बोलत होते आणि तेही एकच शब्द.

माझी स्वतःची गोष्ट अशी की ही माझी पहिली नोकरी होती. मी दुसरबीडचा. आमच्या घरात, खरं तर आमच्या वस्तीतच, डिप्लोमा झालेला पहिला मुलगा. माझी आई लोकांच्या वावरात कापूस वेचायची. मी जिनमध्ये सुपरवायझर लागलो हे ऐकून ती म्हणाली होती, "म्हणजे मी येचायचा आणि तू त्यातली सरकी काढायची. घरातला धंदा घरातच राहिला." नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मुहूर्त हुकला तर मिस्त्रींना खामगावची एसटी मिळाली असती आणि मला दुसरबीडची.

संध्याकाळी नानासाहेब आले. हातातली काठी त्यांनी ऑफिसच्या दाराला टेकवली आणि उभ्यानंच विचारलं, "इंगळे, किती झालं?"

"पूर्वेची ओळ तयार आहे."

"अन् पश्चिमेची?"

मी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी छताकडे.

"नापास हाय, साहेब," मिस्त्री म्हणाले. "आठ दिवस द्या."

"आठ दिवस? अहो, पाडवा काय माह्या हातात हाय? पंचांगवाल्याले सांगू का पुढं ढकल म्हणून?"

"मुहूर्त पुढं ढकलता येते. खराब सेटिंग झाली त हंगामभर रडा लागते."

"अती तिथं माती असते, मिस्त्री."

"अन् घाई तिथं राख असते, साहेब. मी पाह्यली हाय."

जिनमध्ये राखेचं नाव निघालं की मोठा आवाजही बसतो. मी मध्ये पडलो. पूर्वेची ओळ पास आहे, मुहूर्त तिच्यावर करू. पश्चिमेच्या ओळीला मिस्त्री हवा तेवढा वेळ घेतील. नानासाहेबांना अर्धं जिन पसंत नव्हतं, मिस्त्रींना अर्धी घाई पसंत नव्हती. दोघंही माझ्यावर सारखेच नाराज झाले, तेव्हा मला वाटलं की तोडगा बरोबर असावा.

आता कोणी विचारील, आधी ट्रायल का घेतली नाही? घेणार कशी? कंपनीचा माणूस यंत्रं उभी करून निघून गेला तेव्हा आमचं इंजिन यायचं होतं. इंजिन आलं तेव्हा कापूस यायचा होता. आणि कापसाशिवाय रेचा फिरवायला मिस्त्री तयार नव्हते. नुसता फिरवला तर चामडं उगाच घासतं म्हणायचे. म्हणजे पाडव्याला सगळ्यांचाच पहिला दिवस होता. जिनचा, इंजिनचा आणि माझाही.

मुहूर्ताची आमच्याकडे एक रीत होती. पहिल्या गाडीचा कापूस त्याच दिवशी रेच्यातून काढायचा. त्याची सरकी सुपात घ्यायची आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांपुढून फिरवायची. शेतकरी ती चिमटीत धरून पाहणार. स्वच्छ आहे का, फुटली आहे का. सूप फिरेपर्यंत कोणी गाडी रिकामी करत नसे. पटलं तर जू उतरणार, नाही पटलं तर बैल वळणार. आणि वळून जायला लांब जावं लागत नव्हतं. रस्त्यापलीकडे शेठजींचं जिन होतंच, जुनं, जमलेलं.

पाडव्याला सकाळपासून गाड्या लागल्या. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरू, कापसावर नव्या धोतराचं पांघरूण. रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली. मुहूर्ताचा मान सुभद्राबाईंचा. स्वतः वावर कसणारी, साठीच्या पुढची बाई. त्यांच्या गावात सभासद व्हायला पुरुषमंडळी मागे-पुढे पाहत होती तेव्हा हीच पहिली उठली होती. बाईमाणसाचा मुहूर्त म्हणून दोन-चार तोंडं वाकडी झाली, पण नानासाहेबांपुढे बोलणार कोण? सुभद्राबाईंनी वावरात शितादही करून पहिली वेचणी केली होती, तोच कापूस आणला होता. झाडाला दहीभात वाहिल्याशिवाय त्या भागात पहिलं बोंड कोणी तोडत नाही.

बैलांना गूळ दिला, नारळ फुटला, इंजिन चालू झालं. पट्टे फिरले आणि पूर्वेची ओळ एका दमात सुरू झाली. बाया कापूस लावू लागल्या. पुढच्या बाजूनं रुई येऊ लागली. काय रुई होती ती. मी पुढे आयुष्यभर रुईच पाहिली, पण तशी पहिली रुई पुन्हा पाहिली नाही. मिस्त्री एकेका रेच्यापुढे थांबून खाली पडलेली सरकी उचलत, बोटांत फिरवत आणि टाकून देत. चेहऱ्यावर काही नाही. पण टोपी त्यांनी जरा मागे सरकवली होती, आणि ते म्हणजे त्यांचं हसणं होतं.

दुपार होईपर्यंत सुभद्राबाईंची निम्मी गाडी झाली असेल. मी फाटकापाशी नानासाहेबांशी बोलत होतो. तेवढ्यात रेचेघरातून एक बाई पदर झटकत आली.

"साहेब, माह्या रेच्याले हात लावून पाहा. चटका बसून राह्यला."

मी आत गेलो आणि दारातच वास आला. चामडं तापल्याचा वास. ज्यानं तो एकदा घेतला त्याला तो विसरता येत नाही. शेजारच्या रेच्याला हात लावला, तोही गरम. त्याच्या शेजारचाही. रुईवर चामड्याची तपकिरी भुकटी दिसायला लागली होती, आणि सुपात फुटलेली सरकी. मिस्त्री माझ्या आधी तिथं पोचले होते. त्यांनी एकेक पट्टा उतरवला. इंजिन चालू राहिलं आणि रेचे गप्प झाले. बाहेरच्या लोकांना ते लगेच कळलं. रेच्यांचा आवाज थांबला की रांगेत कुजबुज सुरू होते.

"थंड होऊ द्या," मिस्त्री म्हणाले. थंड झाले, पुन्हा पट्टे चढवले. थोड्या वेळात पुन्हा तोच वास. पुन्हा पट्टे खाली.

फाटकाबाहेर शेठजींच्या जिनचा मुकादम येऊन उभा राहिला होता. मोठा गोड माणूस. कापसाचं नाव काढलं नाही त्यानं. तो एवढंच म्हणत होता, "ऊन लय हाय भाऊ. बैलाईले पाणी पाजा आमच्या हौदावर. पाण्याले काय कोणाची मनाई?" दोन गाड्या पाणी पाजायला गेल्या. बैलांना भलतीच तहान लागली असावी, कारण त्या परत आल्या नाहीत.

नानासाहेब रेचेघरात आले. आवाज मोठा नव्हता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"इंगळे, हे काय होऊन राह्यलं? पास केलेले रेचे ना हे?"

"हो."

"मंग ते नापासवाले चालू करा. उभे हायेत ना?"

"नाई," मिस्त्री म्हणाले. "त्यात उजेड हाय. पास केलेल्याची ही गत, नापासाची काय होईन? मी हात लावणार नाई."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी त्या वेळी काही फार मोठा विचार केला असं नाही. पूर्वेची ओळ बंद पडली होती, पश्चिमेची उभी होती, रांग तुटायला लागली होती. दुसरं होतं काय? अमरावतीहून मी डिप्लोम्याबरोबर थोडी पुस्तकी भाषाही आणली होती आणि ऑफिसात ती जपून वापरायचो. त्या क्षणी ती गळून पडली.

"मिस्त्री, पश्चिमेची ओळ चालू होईन," मी म्हणालो. "जे होईन ते माह्यावर."

मिस्त्रींनी हातातला पाना जमिनीवर ठेवला. आपटला नाही, ठेवला. आणि ते बाहेर निघून गेले. मला वाटलं, गेले ते आता. अशीच तर त्यांनी आधीची जिनं सोडली होती.

पाण्याच्या बादल्या भरून ठेवायला सांगितल्या आणि नापास ओळीचे पट्टे मी स्वतः चढवले. सुरुवातीची सरकी काही खास नव्हती, एका बाजूला थोडी रुई चिकटलेली राहत होती. मी ती चिकटलेली रुई पाहत होतो आणि दर थोड्या वेळानं रेच्याला हात लावत होतो. कोमट. पुन्हा हात लावला, कोमटच. थोड्या वेळानं सरकी हातात घेतली आणि चपापलो. चिकटलेली रुई कमी झाली होती. आणखी थोड्या वेळानं ती जवळजवळ उरलीच नाही. सेटिंगला कोणी हात लावला नव्हता, आणि रेचा आपला आपण सुधारत होता.

सुभद्राबाई केव्हाच्या कमरेवर हात ठेवून मागे उभ्या होत्या.

"पोरा, माही सरकी दे पाहू."

मी नव्या सरकीचं सूप पुढे केलं. त्यांनी एक सरकी उचलली, उजेडात धरली, नखानं खरवडली आणि सरळ दाढेखाली फोडली. आतला गर पाहिला. मी श्वास धरून उभा होतो. एवढा तर डिप्लोम्याच्या तोंडी परीक्षेलाही धरला नव्हता.

"चालन," त्या म्हणाल्या. "लय बेस नाई, पण चालन. दे इकडे, मीच फिरवतो. तुमी फिरवलं त लोकं म्हणतीन साहेब लोकं हायेत, गोडच बोलतीन."

सूप डोक्यावर घेऊन बाई रांगेत निघाल्या. लोकांनी सरकी पाहिली की नाही कोणास ठाऊक, सुभद्राबाईंचं तोंड मात्र सगळ्यांनी पाहिलं. पहिलं जू उतरलं, मग दुसरं. नानासाहेबांनी टोपी काढून कपाळ पुसलं.

मी मिस्त्रींना शोधायला गेलो. ते हौदाच्या कडेला बसले होते. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. त्यांना टक्कल आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"चालून राह्यलं ना तुमचं?" त्यांनी न वळता विचारलं. आवाज ऐकूनच त्यांना समजलं होतं.

"चालतंय."

"मंग माहं काय काम?"

"चालतंय म्हणूनच या. का चालतंय ते मला कळत नाही."

हे मी त्यांची समजूत काढायला म्हणालो नव्हतो. खरंच कळत नव्हतं. मिस्त्रींनी टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि उठले. मान-अपमान त्यांना होताच, पण न कळलेली गोष्ट मागे टाकून एसटीत बसणं त्यांना जमलं नसतं.

आत येऊन त्यांनी पश्चिमेच्या एका रेच्याचा पट्टा उतरवायला लावला. हात लावून पाहिला. मग एक पोतं डोक्यावरून ओढून घेतलं, बॅटरी सुरीमागे लावली आणि रेच्यात तोंड घालून बसले. लग्नातले फोटोवाले काळ्या कापडात शिरत तसे. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मिस्त्री बराच वेळ पोत्याखाली होते.

"उजेड नाई," आतून आवाज आला.

"काय?"

"सकाळी होता, आता नाई." ते पोतं काढून बाहेर आले. "रोलरनं खाल्ला."

मग त्यांनी मला समजावलं, आणि समजावता समजावता स्वतःलाही. नवा रोलर कितीही नीट केला तरी त्याचं चामडं कुठं किंचित उंच, कुठं किंचित खोल असतंच. पूर्वेच्या ओळीत शेवटची रेघ बुजवायला मिस्त्रींनी सुरी दाबली. रेघ बुजली, पण जिथं चामडं उंच होतं तिथं दाब भलताच वाढला. रेचा फिरला, चामडं तापलं, तापलं तसं फुगलं आणि दाब आणखी वाढला. पश्चिमेच्या ओळीत ती रेघ तशीच राहिली होती. तिथं उंच भाग हळूहळू झिजले आणि रोलर आपोआप सुरीला मिळून आला.

"जिंदगीभर जुने रोलर पाह्यले मी," मिस्त्री म्हणाले. "मिळून आलेले. त्यात उजेड दिसला त बिघाड समजा. नवा रोलर आला त एखादा, हंगामात कधीतरी. पुरी ओळ नवी मी कधी पाह्यलीच नाई. मी सुरी रोलरवर बसवून राह्यलो होतो. इथं त रोलर सुरीवर बसते. आणि तो उभ्यानं नाई बसत, चालूनच बसते."

नानासाहेब मागे येऊन ऐकत उभे होते. मला वाटलं आता ते 'अती तिथं माती' पुन्हा म्हणणार. ते म्हणाले, "मिस्त्री, चहा घेता का?"

चहा झाल्यावर मिस्त्री पाना घेऊन पूर्वेच्या ओळीकडे गेले. जे रेचे त्यांनी स्वतः पास केले होते, त्या एकेका रेच्याची सुरी सैल करून त्यांनी आपल्या हातानं त्यात उजेड पाडला. प्रत्येक वेळी पोतं डोक्यावर, बॅटरी मागे. रेघ दिसली की पोत्याखालून म्हणायचे, "हं." दुसऱ्या दिवशी दोन्ही ओळी चालल्या.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण काम असं संपत नाही. पुढचे कित्येक दिवस आम्ही तेच करत होतो. चालवायचं, हात लावायचा, गरम वाटला तर थांबवायचा, पाना थोडा फिरवायचा, पुन्हा चालवायचं. काही रेचे दोन दिवसांत मिळून आले. एक रेचा असा हट्टी निघाला की त्यानं आम्हाला जवळजवळ महिनाभर नाचवलं. मिस्त्री त्याला 'जावई' म्हणायचे. कंटाळा कसला तो मी त्या माणसात पाहिला नाही. पाणी प्यायला गेलेल्या दोन गाड्यांपैकी एक पुढच्या खेपेला आमच्याकडे आली, दुसरी हंगामभर आली नाही. माझी नोकरी कायम झाली. आईला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "सरकी आख्खी निघते ना? मंग ठीक हाय."

लोक ही गोष्ट ऐकून म्हणतात, म्हणजे मिस्त्रींचा काटेकोरपणा फुकट गेला. मीही काही दिवस तसंच समजत होतो. नंतर एका दुसऱ्या जिनवर काही काळ मदतीला गेलो, तिथं नवे रेचे घाईनं उभे केलेले होते. कुणी बॅटरी लावून पाहिलंच नव्हतं. तिथं रेघ नव्हती, फटच होती, एका टोकाला बोट जाईल एवढी. महिनाभर चालवूनही ते रोलर मिळून आले नाहीत, तिरपे झिजले आणि शेवटी बदलावे लागले. तेव्हा कळलं की आमची नापास ओळ पहिल्या दिवशी चालली ती नापास होती म्हणून नव्हे. मिस्त्रींनी तिला पास करण्यासाठी महिनाभर घाम गाळला होता, सुरी एका रेषेत आणली होती आणि शेवटची केसाएवढी रेघ तेवढी राहिली होती. बाकीची फट बुजवायला माणूसच लागतो. ती शेवटची रेघ मात्र रेचा स्वतः बुजवतो.

मिस्त्री आमच्याकडे राहिले ते डोळे जाईपर्यंत. शेवटी शेवटी बॅटरी ते धरायचे आणि पाहायचो मी.

"दिसते का?" ते विचारायचे.

"दिसते. केवढीशी."

"राहू द्या मंग," ते म्हणायचे. हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला भरून आलं होतं, आणि आजही येतं.

त्यांना जाऊन आता खूप वर्षं झाली. मोताळ्याचे ते रेचेही भंगारात गेले. मी निवृत्त झालो तरी नवी जिनिंग उभी राहिली की कोणी ना कोणी बोलावतं. नव्या पोरांजवळ मोजायची चांगली साधनं असतात, ती आमच्याजवळ नव्हती. तरी फिरून फिरून प्रश्न तोच येतो. नव्या रोलरला सुरी लावताना उजेड किती ठेवायचा?

मी सांगतो, सखाराम मिस्त्रींनी नापास केलं असतं, एवढा.